होमपेजवर कोणाचा फोटो?

कुठल्याही कॉलेजची वेबसाईट उघडा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, करारावर सह्या आणि सगळ्यात मोठं पॅकेज मिळालेल्या एकाचा हसरा चेहरा! पाहुणा जेवढा मोठा, तेवढा फोटो मोठा. यातलं काय ठेवायचं हे ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. कार्यक्रम झाला, फोटो आले, टाकले वर.

२०१० साली रँडल मन्रो यांनी 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालिकेत दोन वर्तुळं काढली. एकात विद्यापीठाच्या होमपेजवर असतं ते, दुसऱ्यात लोक शोधायला येतात ते : शैक्षणिक कॅलेंडर, अर्ज, प्राध्यापकांचे फोन, उपयोगी पडेल असा नकाशा. दोन्हींत सामाईक एकच, संस्थेचं पूर्ण नाव!

आता आपल्या उलव्याचं बघा. कॅप राउंडच्या वेळी नांदेड-परभणीकडचे पालक आधी साईट बघतात. पनवेलला उतरून पुढे यायचं कसं? बेलापूरला गाडी बदला, बामणडोंगरी किंवा खारकोपरला उतरा. एका ओळीचं काम! हॉस्टेलची फी, मेसचं बिल, रॅगिंगविरोधी समितीचा नंबरही हवा असतो. एआयसीटीईच्या नियमाचं 'मँडेटरी डिस्क्लोजर' मात्र बिचारं पानाच्या तळाशी. पॅकेजचंही तेच. एनआयआरएफ कॉलेजांकडून मध्यक पगार मागतं, कारण एकाच्या आकड्यावरून वर्गाचं चित्र कळत नाही. मध्यक आपण पेपरात बरोबर काढतो, होमपेजवर विसरतो.

बातम्या नकोत असं मुळीच नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि खारकोपर-उरण रेल्वेचं उद्घाटन झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं उठली. २५ डिसेंबर २०२५ ला विमानं उडू लागली. सिव्हिलच्या पोरांना याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार? त्यावर कोणी चांगला प्रोजेक्ट केला तर तो वर हवा, दीपप्रज्वलन खाली.

म्हणून साधी सूचना. दोन सर, ऑफिसमधलं एक जण, हॉस्टेलची दोन मुलं-मुली अशी समिती करा. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न : वाचणाऱ्याला उपयोग काय? काम ज्याने केलं त्याचं नाव आहे का? तारीख उलटल्यावर ती काढणार कोण?

कोणी म्हणेल, पाहुणे रुसतील. त्यांचा फोटो आतल्या पानावर राहू दे की! पहिल्या पानावर भरवसा ठेवून कुणीतरी चार वर्षांचा ऑप्शन भरत असतं, त्याचा विचार आधी व्हायला हवा.