पोटदुखी, हातचा आणि ‘ढ’ हा शेरा

शाळेच्या वेळेला पोट धरून बसणारे आणि शाळा भरून गेल्यावर तासाभरात अंगणात खेळू लागणारे मूल पाहिले की घरचे म्हणतात, ‘नाटक करतंय’. बहुतेक वेळा ते नाटक नसते. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी एकमेकांशी जोडलेले असतात. भीतीने आतड्याची हालचाल बदलते आणि कळ खरोखरच येते. झोपेतून उठवणारे दुखणे, वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त किंवा घटणारे वजन असेल तर तपासण्या तातडीने व्हायला हव्यात. यातले काहीच नसेल आणि दुखणे नेमके रविवारी व सुट्टीत गायब होत असेल, तर सोनोग्राफीच्या रांगेत उभे राहण्याआधी मुलाला जवळ घेऊन एक प्रश्न विचारावा : शाळेत काय झाले?

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसई परिसरातील एका शाळेत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत त्या मुलीचा मृत्यू झाला आणि राज्य हळहळले. अशी घटना बातमी होते, गुन्हा नोंदवला जातो. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ केवळ शारीरिक शिक्षेला मनाई करून थांबत नाही. मानसिक छळालाही त्याच वाक्यात मनाई करते. कलमाचा हा दुसरा अर्धा भाग कोणाच्या फारसा लक्षात नसतो. छडीचा वळ दिसतो. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘तुझ्या बापाला तरी येतं का’ या शब्दांचा वळ दाखवायला मूल कोणाकडे जाणार?

हे शब्द शरीरात काय करतात ते पाहण्यासारखे आहे. वर्गासमोर अपमान झाला की मेंदू त्याला धोका समजतो. अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, तळहात घामेजतात. पळून जायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. गणित सोडवायला मात्र निरुपयोगी. कारण कपाळामागचा मेंदूचा जो भाग आकडे तात्पुरते धरून ठेवतो, तोच अशा वेळी मंदावतो. बेरजेतला हातचा नेमका तिथे ठेवलेला असतो. मूल फळ्यापाशी उभे राहते, हातचा निसटतो, उत्तर चुकते आणि गुरुजींना वाटते, बघा, म्हटले नव्हते!

पुढे वागणूक बदलते. मोठ्यांना इथे अनेकदा कारण आणि परिणाम उलटे दिसतात. रोज ‘ढ’ ठरणाऱ्या मुलाला वांड ठरणे परवडते. ढ म्हणजे ज्याला येत नाही तो. वांड म्हणजे जो मुद्दाम करत नाही तो. दुसऱ्यात निदान थोडी इज्जत शिल्लक राहते. म्हणून ते वही आणत नाही, शेजाऱ्याला चिमटे काढते, हाकलले की हसत बाहेर जाते. काही मुले, विशेषतः मुली, याच्या उलट गप्प होतात. त्यांच्याकडे तर कोणाचे लक्षच जात नाही, कारण गप्प मूल हे ‘शिस्तीचे’ मूल.

हिंगोली जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. तोवर वर्ग अपूर्णांक संपवून पुढे गेलेला असतो. त्या पहिल्या दिवशी दारात ‘या, पाहुणे आले’ असे स्वागत झाले आणि वर्ग खदखदून हसला, तर दुसऱ्या दिवशी ते मूल येईल का? आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ‘अमक्या जातीचे उभे राहा’ असा पुकारा अजूनही काही वर्गांत होतो, त्याचे काय? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी दिली होती. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले व इतर मुले जवळपास सारखीच चालली. सर्वांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. कोडी तीच होती. बदलला होता तो फक्त पुकारा.

शिक्षकाच्या अपेक्षेनेच मूल घडते वा बिघडते, हा दावा मात्र जपून करावा. रोझेन्थाल आणि जेकबसन यांच्या १९६८ च्या प्रसिद्ध पुस्तकात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली मुले ‘यंदा चमकणार’ असे शिक्षकांना सांगितल्यावर लहान वर्गांत खरोखर पुढे गेल्याचे नोंदवले आहे. त्यावर नंतर पुष्कळ टीका झाली. सरासरी परिणाम लहानच असतो, असे आज मानले जाते. पण आधीच हिणवल्या गेलेल्या गटांतील मुलांवर तो मोठा असतो, हेही त्याच चर्चेतून पुढे आले. म्हणजे ज्याच्या घरी दुसरे कोणी ‘तुला येईल’ म्हणणारे नाही, त्यालाच गुरुजींचा शब्द सर्वांत जास्त लागतो.

यावर उपाय म्हणून खोटी शाबासकी देऊ नये. मुलांना ती लगेच कळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात शिक्षकांनी निबंधांवर लाल शाईने नेहमीसारख्याच कडक दुरुस्त्या केल्या. काही वह्यांना मात्र एक चिठ्ठी जोडली : तुझ्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पुऱ्या करू शकतोस, म्हणून हे लिहिले. ऐच्छिक असूनही निबंध पुन्हा लिहून आणणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी साध्या चिठ्ठीने १७ टक्के होते, या चिठ्ठीने ७२ टक्के झाले. प्रयोग छोटा होता, हे खरे. पण चिठ्ठीला खर्च तरी किती येतो!

शिक्षकांची बाजूही आहे. दोन शिक्षकी शाळा, एका खोलीत तीन वर्ग, वर मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती. थकलेल्या माणसाच्या तोंडून तिखट शब्द लवकर निसटतो. त्यातच ‘मारा, पण शिकवा’ असे सांगणारे पालकही कमी नाहीत. तरीही याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांना गुरे राखण्यामुळे शाळेत येता येत नाही, हे पाहून शाळाच कुरणात नेली होती. त्यांनी उशिराबद्दल जाब विचारला नाही, कारण विचारले.

मानसिक छळाची तक्रार कुठे करायची, याचे पहिले ठिकाण गावातच आहे : शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर शौचालय आणि पोषण आहाराबरोबर ‘वर्गातील भाषा’ हा विषय ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त ही बैठक दिवाळीआधी घ्यावी. नंतर ज्यांच्या मुलांविषयी बोलायचे, ते पालक फडावर गेलेले असतात.