पर्यटन कंपन्यांनो, दान नको, वाटा द्या!

पावसाळा आला की मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. 'धुक्यातले माथेरान', 'निसर्गाच्या कुशीत दोन दिवस', 'इर्शाळगड वन डे ट्रेक'. फोटोत डोंगर असतो, धबधबा असतो, हसणारे पर्यटक असतात. त्या डोंगरावर राहणारा माणूस मात्र फोटोत नसतो, आणि पॅकेजच्या हिशेबातही नसतो. आमचा आक्षेप इथून सुरू होतो.

माथेरानचेच बघा. २००३ साली केंद्र सरकारने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण निसर्ग राखण्याची किंमत कोणी मोजली? लाल मातीच्या चढावर पर्यटक आणि त्यांच्या बॅगा ओढणाऱ्या हातरिक्षावाल्याने. झाडाला संरक्षण मिळाले, माणसाच्या छातीला मिळाले नाही. हॉटेलमालकाचा मुलगा कधी हातरिक्षा ओढताना कोणी पाहिला आहे का?

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे, त्यातून संविधानाने दिलेल्या सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाची अवहेलना होते, असे न्यायालयाने म्हटले. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सरकारला बजावले. ही लढाई हातरिक्षा ओढणाऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी लढली. माथेरान विकून नफा कमावणारे तेव्हा कुठे होते?

आता इर्शाळवाडी आठवा. खालापूर तालुक्यातली ही ठाकर समाजाची वाडी ट्रेकर्सच्या रोजच्या वाटेवर होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांना हाताने माती उपसावी लागली. शनिवार-रविवारी ज्या वाटेने शहरातली पावले चढत होती, त्या वाटेवरच्या माणसांची सुरक्षा कोणाच्याच यादीत नव्हती. या गर्दीवर ज्यांनी व्यवसाय केला, त्यांनी वाडीच्या रस्त्यासाठी, पुनर्वसनासाठी किती वेळा आवाज उठवला?

कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते, 'आम्ही स्थानिकांना रोजगार देतो.' कसला रोजगार? भांडी घासण्याचा, खोल्या झाडण्याचा, ओझी वाहण्याचा. गाईड शहरातला, कॅमेरा शहरातला, नफाही शहरातला. डोंगराची प्रत्येक वाट ज्याला पाठ आहे, तो ठाकर तरुण मात्र हमाल! ही जातिव्यवस्थाच नव्या गणवेशात उभी आहे. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला, तो इथे उघड्या डोळ्यांनी बघता येतो.

दुसरे उत्तर दानाचे असते. वर्षातून एकदा वह्या वाटायच्या, चादरी वाटायच्या आणि फोटो टाकायचे. मोठ्या कंपन्यांना तर २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे. कायद्याने देणे भाग आहे, त्याला उपकार कसे म्हणायचे? आम्हाला दान नको, हिशेब हवा.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पॅकेजच्या किमतीत स्थानिक श्रमाचा वाटा किती, हे पावतीवर लिहा. गाईड वाडीतलाच घ्या, त्याला प्रशिक्षण, ओळखपत्र आणि अपघात विमा द्या. जेवण वाडीतल्या बायकांच्या बचत गटाकडून घ्या आणि दर त्यांना ठरवू द्या. करवंदे, जांभळे, मध विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, असे पर्यटकांना बसमध्येच सांगा. वर नेलेले प्लास्टिक मोजून खाली आणा. उन्हाळ्यात वाडीतली बाई हंड्यासाठी चालत असेल, तर तंबूतल्या पाहुण्यांच्या अंघोळीला पाणी कुठून येते, याचे उत्तर द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. मग त्या जंगलात एका दिवशी किती माणसे न्यायची, हेही ग्रामसभेलाच विचारा. आणि आदिवासींचे नाच शेकोटीभोवती करमणूक म्हणून विकणे बंद करा.

यात कंपन्यांचा तोटा नाही. डोंगर खचला, झरा आटला, वाडी उठून गेली, तर विकायला उरणार काय? जंगल जाहिरातीने टिकत नाही. ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी टिकवले आहे. निसर्ग वाचवा आणि माणूस विसरा, असे म्हणणारे पर्यावरणप्रेम आम्हाला मान्य नाही.

आणि प्रश्न फक्त कंपन्यांना नाही, आपल्यालाही आहे. आज आपल्या समाजातले शिकलेले, नोकरदार लोकही सहलीला जातात. जरूर जावे. पण बुकिंग करताना एक प्रश्न विचारा: माझ्या पैशातले त्या वाडीला किती मिळणार? उत्तर मिळाले नाही, तर दुसरीकडे बुकिंग करा.

माथेरान, इर्शाळवाडी आणि महाड एकाच रायगड जिल्ह्यात आहेत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची भीक मागितली नव्हती, माणूसपणाचा हक्क बजावला होता. डोंगरावरच्या माणसाचाही तोच हक्क आहे. तो मिळेपर्यंत आम्ही विचारत राहू.

जय भीम! जय संविधान!