सागरविहार आणि लोणच्याची बरणी

हल्लीं सागरविहार करून आलेल्या आमच्या मंडळींचे अनुभव ऐकावे, तर त्यांत पंक्तींचा थाट, लोणच्याची बरणी आणि खोलीचें भाडें यांपलीकडे कांहीं नसतें. नवख्यासही तोच उपदेश! बोट सुटतांना होणारी संकटकाळची कवाईत कशीबशी उरकल्याचें सांगण्यांत तर कित्येकांस भूषण वाटतें. या भूषणास आमचा सक्त विरोध आहे.

ता. १३ जानेवारी २०१२ रोजीं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही बोट इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आपटली व ३२ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच दिवशीं चढलेल्या उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. २४ तासांच्या आंत ती घ्यावी, असा तेव्हांचा नियम. ही सवलत १ जानेवारी २०१५ पासून गेली. "सुटीवर जावें तें कवाईत करावयास काय?" असें विचारणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. सात आखूड व एक लांब भोंगा झाल्यावर कोठें जमावयाचें, हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास अंधारांत कोण सांगणार? १७ जुलै १९४७ रोजीं रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट सहाशेंहून अधिक जीव घेऊन बुडाली. त्या किनाऱ्यावरच्या लोकांनीं तरी ही बेफिकिरी मिरवूं नये.

बाकी सूचना थोडक्या आहेत. बोट लागणाऱ्यानें मधल्या भागांतील खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. जुलाब-वांतीच्या नोरो विषाणूस नुसतें सॅनिटायझर पुरत नाहीं, साबण व पाणीच हवें. बंदरांत उतरतांना घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवावें. लोणच्याची बरणी मात्र, कंपनीस चालते कीं नाहीं हें विचारून, खुशाल न्यावी.