एन्ट्री झकास!

घर सजवायचं म्हटलं की सगळा खर्च हॉलवर. सोफा, टीव्ही युनिट, पडदे... आणि दार उघडल्याबरोबर लागणारा तो चार फुटी पॅसेज? तिथे चपलांचा ढीग, हेल्मेट, ऑनलाइन शॉपिंगचे रिकामे खोके आणि भिंतीवर बॅगांचे काळे डाग! रात्री साडेआठला लोकलमधून नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटका करून घेऊन आल्यावर आपलं स्वागत करतो तो हा पॅसेज. बाकी घर नंतर दिसतं.

गंमत म्हणजे मेकओव्हरसाठी अख्ख्या घरात सगळ्यात स्वस्त जागाही हीच. भिंत छोटी, फर्निचर नाही, त्यामुळे झाकाझाकीची कटकट नाही. फक्त सुरुवात शेडकार्डपासून करू नका, ओलीपासून करा.

बऱ्याच वन बीएचकेमध्ये पॅसेजची एक भिंत बाथरूमला लागून असते. दिसायला ठीकठाक, पण हात लावला की गार. अशा भिंतीवर व्हिनाइलचा वॉलपेपर लावणं म्हणजे तिला रेनकोट घालणं! ओल आतच अडकते, मग बुरशी, मग वास, आणि एके दिवशी कोपऱ्यातून कागद सुटायला लागतो. रंगाचंही तेच, पापुद्रे निघतात. यावर एक बिनखर्चाची टेस्ट आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. काढताना भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर आधी प्लंबर, मग पेंटर. (लीकेज वरच्या फ्लॅटमधून निघालं तर सोसायटीच्या मीटिंगला जाणं आलंच. शुभेच्छा!)

म्हणूनच दिवाळीच्या तोंडावर घाईघाईने रंग काढण्याची आपली पद्धत मला फारशी पटत नाही. चार महिने पाऊस प्यायलेल्या भिंती तेव्हा नुकत्या वाळायला लागलेल्या असतात, शिवाय पेंटर मिळता मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत भिंती कोरड्या आणि पेंटर निवांत. थांबा की थोडं.

दुसरी गोष्ट खरडण्याची. बिल्डिंग जुनी असेल तर दाराच्या चौकटीवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत किती असेल, सांगता येत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर होते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून पेंटरला वॉटर पेपरने, ओलं करूनच घासायला सांगा. घरात बाळ किंवा गर्भवती कुणी असेल तर त्या दिवशी त्यांना माहेरी, मावशीकडे, कुठेही पाठवा. काम झाल्यावर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसून घ्या. इथे आळस नको.

आता मजेचा भाग. पूर्ण भिंतीला वॉलपेपर लावायची गरजच नाही! जुन्या सरकारी ऑफिसांत, शाळांत भिंतीचा खालचा भाग गडद ऑइल पेंटचा असायचा, आठवतंय? दिसायला रुक्ष, पण आयडिया पक्की. चपला, पिशव्या, सायकलचं हॅण्डल, सगळं लागतं ते खालच्या तीन फुटांतच. तिथे सॅटिन इनॅमल मारा, फडक्याने पुसला की स्वच्छ. वर वॉलपेपर आणि मध्ये लाकडी बीडिंगची पट्टी. शेड मात्र सरकारी नको. बॉटल ग्रीन, विटकरी किंवा राखाडी निळा घेऊन बघा.

यात पैसेही वाचतात. वॉलपेपरचा नेहमीचा रोल 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फूट. समजा तुमची भिंत आठ फूट लांब आणि नऊ फूट उंच आहे. पट्ट्या लागणार पाच. पूर्ण उंची घेतली तर दोन रोल हवेतच. खालचे तीन फूट रंगवले तर प्रत्येक पट्टी सहा फूट अधिक चार इंच कापायला, आणि एका रोलमध्ये काम फत्ते! अट एकच, कागद प्लेन किंवा बारीक नक्षीचा हवा. मोठमोठी फुलं घेतलीत की डिझाइन जुळवताना कागद वाया जातो आणि दुसरा रोल आलाच.

शेड दुकानात फायनल करू नका. आपण घर दिवसा बघतो कुठे? छोटा डबा आणा, पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि रात्री पॅसेजच्या दिव्याखाली धरून बघा. पांढऱ्याफटक 6500 केल्व्हिनच्या ट्यूबखाली सुंदर क्रीम रंगही आजारी दिसतो. 2700 किंवा 3000 केल्व्हिनचा पिवळसर एलईडी लावलात तर कदाचित रंग बदलायचीही गरज वाटणार नाही.

भाड्याने राहताय? मग घरमालकाला आधी मेसेज टाका, होकार लेखी घ्या आणि भिंतीचे ‘आधी’चे फोटो काढून ठेवा. अकरा महिन्यांनी डिपॉझिटच्या वेळी तेच कामी येतात. ‘काढा आणि चिकटवा’वाला स्टिकर वॉलपेपर भाडेकरूंसाठीच असतो असं दुकानदार सांगतो, पण तुमच्या भिंतीला डिस्टेंपर असेल तर जपून. भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पावडर लागली तर स्टिकर टिकणार नाही, आणि टिकलाच तर निघताना रंग घेऊन निघेल. आधी दाराआडच्या कोपऱ्यात वीतभर तुकडा लावून आठवडाभराने काढून बघा. नसेल जमत तर प्लायवूडच्या पॅनेलवर वॉलपेपर चिकटवा आणि ते दोन खिळ्यांवर टांगा. घर बदललं की तेही टेम्पोत!

आणि हो, दाराबाहेरची भिंत सोसायटीची असते, तिला विचारल्याशिवाय ब्रश लावू नका. चपलांच्या ढिगाचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.