दडवलेला टाका

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील ओतकाम आज देशोदेशींच्या यंत्रांत जाऊन बसले आहे. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी जेथे पाया घातला, त्या उद्यमनगरीचा कोल्हापूरकरांना वाटणारा अभिमान रास्तच आहे. म्हणूनच या व्यवसायातील एका दुखण्याविषयी स्पष्ट बोलावयास हवे. ते एकट्या कोल्हापूरचे नाही. येथील बहुतांश ओतकाम बिडाचे आहे. पण जेथे जेथे पोलाद ओतले जाते, तेथे ते आढळते.

ओतकामात पोकळी राहणे किंवा वाळू अडकणे हे काही पाप नव्हे. सदोष भाग कोरून वेल्डिंगने भरावा, मग नग भट्टीत घालून उष्मोपचार करावा, हा मान्य मार्ग आहे. पंचाईत होते ती उष्मोपचारानंतर. लेथवर पृष्ठभाग कापला जाताना आतली पोकळी उघडी पडते आणि माल रवाना करण्याची तारीख तर उद्यावर आलेली असते. मग रात्रपाळीत टाका घातला जातो, ग्राइंडर फिरतो, वर रंग चढतो. सोबतच्या प्रमाणपत्रात ‘उष्मोपचार केला’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. त्यानंतर काय झाले, एवढेच त्यात नसते.

हा टाका धोक्याचा का? भोवतालचे जाड, थंड पोलाद वेल्डिंगची उष्णता झपाट्याने शोषून घेते. त्यामुळे टाक्याच्या कडेचा पट्टा पाणी दिलेल्या पात्यासारखा कठीण आणि ठिसूळ होतो. त्यात आतला ताण आणि हायड्रोजन यांची भर पडली की काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी, तडा जातो. टाका लहान म्हणून निर्धास्त राहणे ही तर शुद्ध फसगत, कारण लहान टाका अधिकच लवकर निवतो.

क्ष-किरणांना पोकळी दिसते, नीट भरलेला टाका बहुधा दिसत नाही. तो शोधण्याची जुनी रीत फार स्वस्त आहे. संशयित जागा घासून गुळगुळीत करावी व तीवर नायटल, म्हणजे स्पिरिटमधील नायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण, फिरवावे. भरलेला धातू आणि त्याभोवतीची कडा वेगळ्या छटेत उमटतात. मग त्या कडेवर काठिण्यमापक टेकवावा. साध्या कार्बन पोलादात तेथील आकडा मूळ धातूच्या दुपटीपलीकडेही जाऊ शकतो. हायड्रोजन सल्फाइडयुक्त वायूच्या व्हॉल्व्हसाठी अशा पोलादाला रॉकवेल-सी २२ ची मर्यादा असते, ती का, हे तेथे कळते. संपूर्ण नग अशा रीतीने तपासणे शक्य नाही. पण जाड-पातळ भागांचे सांधे, रायझर कापल्याच्या जागा आणि यंत्रण केलेले पृष्ठभाग एवढे पाहिले तरी पुष्कळ उमगते.

वेल्डिंगनंतर नग पुन्हा भट्टीत गेला असेल, तर भरावाची रचना वेगळी असल्याने आम्लाने तो तरीही दिसू शकतो. मात्र काठिण्य उतरलेले असते. तो टाका प्रामाणिक होय.

अमेरिकेत टॅकोमा येथील एका ओतकारखान्यात पाणबुड्यांच्या पोलादी कास्टिंगांचे चाचणी-आकडे १९८५ ते २०१७ पर्यंत बदलले जात होते. २०२० मध्ये कंपनीने सुमारे १.०९ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि २०२२ मध्ये तेथील धातुतज्ज्ञ महिलेला तुरुंगवास झाला. तेव्हा लबाडीला विशिष्ट देश नसतो. पण आपल्याकडे दोष एकट्या वेल्डरच्या माथी मारला जातो, हे न्याय्य नाही. पुरवठादाराने दुरुस्तीचा नकाशा जोडताच जो ग्राहक मालच नाकारतो, तो पुढच्या खेपेला नकाशा न जोडण्याची शिकवण देत असतो. प्रमाणित मर्यादेत केलेली, पुन्हा भट्टीतून काढलेली आणि नोंदवलेली दुरुस्ती खरेदीदारांनी स्वीकारली पाहिजे. नोंद नसलेला टाका सापडला, तर मात्र सगळी खेप परत पाठवावी. आणि ओतकारखानदारांनी ती नायटलची बाटली ग्राहकाच्या निरीक्षकाआधी आपल्याच तपासणी विभागात ठेवावी.