विश्लेषण : फायबर आल्यावर डायलचा जुना फोन मुका का होतो?

घरी फायबर आले. मोडेमच्या मागे फोनसाठी असलेल्या खाचेत आजोबांचा काळा फोन जोडला. रिसीव्हर उचलल्यावर टोन आला, पण नंबर फिरवला तरी टोन थांबेना. असे झाले तर फोन बिघडला असे समजू नका. बहुतेक वेळा त्याची भाषा नव्या यंत्राला कळत नसते.

जुना फोन नंबर कसा सांगतो?

डायल परत फिरताना लाइनमधला विद्युतप्रवाह क्षणभर तुटतो. १ साठी एकदा, ५ साठी पाचदा, ० साठी दहादा. सेकंदाला साधारण १० खटके. एक्स्चेंज ते मोजत असे. बटणांचे फोन मात्र दोन सुरांच्या जोडीने अंक कळवतात. आजचे अनेक मोडेम फक्त हे सूर ओळखतात.

मग उपाय काय?

खटक्यांचे सुरांत रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर फोन आणि मोडेम यांच्यामध्ये लावता येतो. खटके ओळखणारे इंटरनेट-फोनचे अडॅप्टरही मिळतात; घेण्यापूर्वी 'पल्स डायलिंग' चालते का, हे विचारा. तिसरा मार्ग ब्लूटूथ पेटीचा. ती मोबाइलशी जोडली की जुन्या फोनवरून मोबाइलचेच कॉल करता-घेता येतात.

नंबर लागतो, पण घंटी वाजत नाही. का?

जुन्या फोनची घंटी खरीखुरी असते. तिचा टोला हलवायला ७५ व्होल्टच्या आसपास एसी दाब लागतो. छोट्या यंत्रांना तेवढा जोर नसतो. एकाच खाचेला दोन-तीन जुने फोन जोडले तर अडचण वाढते.

एवढे केले की सगळे पूर्वीसारखे?

नाही, आणि खरा मुद्दा इथेच आहे. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येत असे. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या घरातला फोन चालवत. त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चालू राही. फायबरमधून प्रकाश येतो, फोन चालवणारी वीज नाही. घरची वीज गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद.

हा प्रश्न किती गंभीर?

ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तिथे एकट्या वृद्धांच्या घरी मदतीसाठी दाबायची अलार्मची बटणे फोनलाइनवर चालतात. नव्या जोडणीनंतर काही ठिकाणी ती चाललीच नाहीत. त्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकांचे सक्तीचे स्थलांतर थांबवावे लागले. जुने जाळे बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदतही जानेवारी २०२७ पर्यंत पुढे गेली. लँडलाइनवरच अवलंबून असलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन कॉल करता यावा, अशी तिथल्या नियामकाची, ऑफकॉमची अपेक्षा आहे.

आपण काय करावे?

भारतातही बीएसएनएल तांब्याच्या जोडण्या फायबरवर नेत आहे. घरात वयस्कर माणसे फक्त लँडलाइन वापरत असतील तर मोडेमला छोटा यूपीएस जोडा. मोडेमचा आणि यूपीएसचा व्होल्टेज जुळतो का, ते आधी पाहा. मग एकदा मेन स्विच बंद करून फोन लावून बघा. वाटेतल्या ऑपरेटरच्या यंत्रणेची वीज गेली तर तुमचा यूपीएस उपयोगाचा नाही, म्हणून चार्ज केलेला एक साधा मोबाइलही हाताशी ठेवा.

आजोबांच्या फोनला नवी भाषा शिकवता येते. पूर्वी एक्स्चेंजने सांभाळलेली विजेची जबाबदारी मात्र आता आपल्या घरावर आली आहे.