घर गेलं, हप्ता राहिला

आपत्ती व्यवस्थापनात सरकार ढिम्म असतं, असं म्हणणाऱ्यांना मी एक तारीख देतो: १ ऑगस्ट २०२४. दोनच दिवसांपूर्वी, ३० जुलैच्या पहाटे, केरळच्या वायनाडमधल्या मुंडक्कई आणि चूरलमलावर दरड कोसळली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. चिखलातून प्रेतं काढणं चालूच होतं आणि इकडे लोकसभेत सरकारनं आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं दुरुस्ती विधेयक मांडलं. पुढच्या मार्चमध्ये ते संमत झालं आणि २००५ च्या कायद्यातलं कलम १३ उडालं.

काय होतं त्यात? भीषण आपत्तीत सापडलेल्यांना कर्जफेडीत सवलत द्यावी किंवा सोप्या अटींवर नवं कर्ज द्यावं, अशी शिफारस राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला करता येत होती. बस्स. सक्ती कसलीच नाही. प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण, तर पंतप्रधान. म्हणजे त्यांनी आपल्याच सरकारला दोन ओळी लिहायच्या. तेवढंही जड झालं.

वायनाडकरांच्या कर्जांचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयापुढे होता. तिथे केंद्रानं सांगितलं, ते कलमच आता कायद्यात नाही. अहो, डोंगर कोसळला तेव्हा तर होतं!

कलम ऐच्छिकच होतं, गेलं तर काय बिघडलं, असं काही शहाणे विचारतात. बिघडत नव्हतं, तर काढलंत कशाला? माझ्या मते कारण साधं आहे. कलम असलं की नकार द्यावा लागतो, नकाराखाली कुणाची तरी सही लागते. कलम नसलं की नुसते हात वर करायचे.

वायनाडमध्ये एका ग्रामीण बँकेनं तर आपद्‌ग्रस्तांच्या खात्यात आलेल्या तातडीच्या मदतीतूनच हप्ता वळता करून घेतला होता. बोंबाबोंब झाल्यावर पैसे परत केले. उलट राज्याच्या सहकारी केरळ बँकेनं चूरलमला शाखेतल्या मृतांची आणि घर गमावलेल्यांची कर्जं ऑगस्टमध्येच माफ केली. मनात असलं की होतं ते असं.

हात वर करणं आपल्याकडेही नवं नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा सरकारनं ऐकवलं की गाव दरडप्रवण यादीत नव्हतं. (डोंगराला ती यादी कुणी दाखवली नसावी.) २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर बुडवलं. पुन्हा पाणी चढेल तेव्हा कर्जाची सवलत कोणत्या कलमाखाली मागणार, हे तिथल्या मतदारांनी आपापल्या खासदाराला आत्ताच विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.